मशीनच्या आधीचा श्वास, मशीननंतरचा श्वास

डायलिसिस सुरू झाल्यापासून माझी फाइल जाड होत गेली. क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेचा) डॉपलर, कावीळ बी आणि सीच्या तपासण्या, सगळे कागद तारखेवार लावलेले. फुफ्फुसाचा म्हणावा असा एकही कागद त्यात नव्हता. आणि त्या काळात मला सगळ्यात जास्त छळत होता तो श्वासच.

सेंटरमध्ये कुणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं, "किडनीवाल्याला दम लागायचाच." हे ऐकून गप्प बसणारे खूप जण आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. हा दम मोजता येतो. त्यातला पाण्याचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे बऱ्याच अंशी वेगळं काढता येतं. माझ्या बाबतीत ते कसं झालं ते सांगतो.

मी नाशिकला सिडकोत राहतो. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी केली. मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल, यांच्यातच हयात गेली. डायबिटीस आणि ब्लडप्रेशर दोन्ही जुनं, त्यात किडन्या गेल्या. डाव्या मनगटाच्या वर फिस्टुला झाला आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळची शिफ्ट मिळाली, दर वेळी चार तास. डायलिसिस महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतं, त्यामुळे तो मोठा भार उतरला.

त्रास असा होता. सोमवारी मशीनवरून उठलो की मोकळं वाटायचं, रात्री सपाट झोपता यायचं. मंगळवारी जिना चढताना थोडं जाणवायचं. बुधवारी पुन्हा मोकळं. पण शुक्रवारनंतर शनिवार आणि रविवार असे दोन पूर्ण दिवस मध्ये येतात. रविवारी रात्री आडवं झालं की खोकला, घशाशी खरखर, आणि पाच-दहा मिनिटांत उठून बसावंच लागायचं. एक उशी, मग दोन, मग तीन, आणि शेवटी भिंतीला टेकून पहाट. सौ.ने काय केलं, तर कालनिर्णयच्या रोजच्या चौकटीत पेन्सिलीने नोंद सुरू केली: "२ उशा", "३ उशा", "बसून". कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे सगळ्या तपासण्यांना दिशा मिळाली ती त्या पानांमुळे.

घराजवळच्या डॉक्टरांनी छातीत शिट्टीसारखा आवाज ऐकून इनहेलर दिला होता. त्याने फारसा फरक पडला नाही. मग नेफ्रॉलॉजिस्टकडच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडच्या, महिन्याच्या भेटीला सौ. कालनिर्णयची पानं घेऊन आली. सरांनी ती नीट पाहिली, पुन्हा मागच्या महिन्याचं पान उलटलं आणि म्हणाले, "काका, दमा वार बघून येत नाही. हे वार बघून येतंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. किडनी लघवी करत नाही म्हणजे प्यायलेलं पाणी आणि खाल्लेलं मीठ अंगातच राहतं. दोन डायलिसिसच्या मध्ये ते साठतं. आधी रक्तात, मग पायांवर सूज, आणि पुढे फुफ्फुसाच्या बारीक पिशव्यांच्या भिंतींत. आडवं झालं की पायांतलं पाणी छातीकडे सरकतं, म्हणून रात्री त्रास. दोन दिवसांचा खंड सगळ्यात वाईट. २०११ साली अमेरिकेतल्या बत्तीस हजारांहून जास्त हिमोडायलिसिस रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंचं आणि हृदयाच्या त्रासाने भरती व्हावं लागण्याचं प्रमाण याच लांब खंडानंतरच्या दिवशी वाढलेलं दिसलं होतं. सोम-बुध-शुक्रवाल्यांसाठी तो दिवस म्हणजे सोमवार. हे ऐकल्यावर सौ.चा चेहरा उतरला. पण मला ते ऐकायला हवंच होतं, कारण तोवर रविवारच्या रात्रीला मी नुसती वाईट रात्र समजत होतो.

"फुफ्फुस भिजलं की ते भिजलेल्या गोधडीसारखं होतं," सर म्हणाले. "जड. उचलायला जोर लागतो. तुम्ही श्वास घेताय, पण प्रत्येक श्वासाला ती गोधडी उचलताय." हे मला आजवर कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आणि एक अट घातली: शक्य ते सगळं सोमवारी, मशीनच्या आधी एकदा आणि मशीननंतर एकदा. एकाच दिवशी, त्याच माणसावर, त्याच यंत्रावर. मला ही अट फार पटली. जॉब, म्हणजे मोजायचा नग, बदलला किंवा गेज बदललं, तर दोन रीडिंगची तुलना करता येत नाही.

छातीचा एक्स-रे झाला. उजव्या बाजूला तळाशी फुफ्फुसाच्या आवरणात थोडं पाणी होतं. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये प्रतिकारशक्ती कमी असते आणि टीबीचा धोका जास्त असतो, त्यामुळे आपल्याकडे छातीत पाणी दिसलं की तो विचार करावाच लागतो. बेडका तपासला, निगेटिव्ह आला. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदयाचं पंपिंग ठीक, डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब थोडा वाढलेला.

सोनोग्राफीचं मला आश्चर्य वाटलं. पोटाची सोनोग्राफी ठाऊक होती, फुफ्फुसाची नव्हती. सरांनी स्वतः प्रोब छातीवर दोन्ही बाजूंना ठिकठिकाणी टेकवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वरून खाली जाणाऱ्या पांढऱ्या उभ्या रेघा दिसत होत्या. त्यांना बी लाइन्स म्हणतात. फुफ्फुसात पाणी वाढलं की या रेघा वाढतात. स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नसतानाही त्या दिसू शकतात. मशीननंतर सरांनी त्याच जागांवर पुन्हा प्रोब टेकवला तेव्हा निम्म्याहून अधिक रेघा गेलेल्या होत्या. चार तासांपूर्वी दिसणारं आता दिसत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मशीन माझ्या अंगात नेमकं काय करतं ते पहिल्यांदा कळलं.

आता मुख्य तपासणी, पीएफटी. फुफ्फुसाची क्षमता मोजणारी. छातीविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात त्यासाठी वेगळी छोटी खोली होती. सोमवारी मशीनची वेळ थोडी उशिराची मागून घेतली आणि आधी तिथे गेलो. तिथल्या मुलीने पहिलं काम केलं ते बीपी घेण्याचं, उजव्या हातावर. फिस्टुलाच्या हातावर बीपी घ्यायचं नाही हे तिला न सांगता माहीत होतं. बीपी १८० च्या वर होतं. ती म्हणाली, "काका, अर्धा तास शांत बसा. जोरात फुंकताना दाब वाढतो, आत्ता नको." नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर ही टेस्ट पुढे ढकलतात, तेही तिने विचारून घेतलं. सकाळची बीपीची गोळी मी डायलिसिसच्या दिवशी सरांच्या सांगण्यावरून मागे ठेवतो, तेही तिला सांगितलं. अर्ध्या तासाने बीपी खाली आलं.

उंची, वय, वजन यंत्रात घातलं. त्यावरून माझ्याएवढ्या माणसाचा अपेक्षित आकडा निघतो. माझा निघाला ३.५ लिटर. पूर्ण श्वास भरून घेऊन तो जोरात, शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढला तर एवढी हवा यायला हवी. याला एफव्हीसी म्हणतात. त्यातली पहिल्या एका सेकंदात किती येते ते एफईव्ही-वन. हे मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, इंग्लंडमधल्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने १८४६ साली मांडलं. मूळ कल्पना आजही तीच आहे: माणसाने फुंकायचं, यंत्राने मोजायचं.

नाकाला चिमटा लावला. तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट मिटलेले, पाठ ताठ. "पूर्ण श्वास घ्या, अजून, अजून... आणि आता फुंका! फुंका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून, अजून..." ती मुलगी इतक्या पोटतिडकीने ओरडत होती की आपोआप जोर लागत होता. निदान सहा सेकंद फुंकत राहायचं असतं. माझं तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला खोकल्याने मोडायचं. ती घाई करत नव्हती. पाणी प्यायला देऊ का म्हणाली, मग लगेच स्वतःच म्हणाली, "नाही, तुम्हाला एक घोटच." मला बरं वाटलं. डायलिसिसच्या माणसाचा घोट मोजलेला असतो हे जाणणारी माणसं बाहेर फार भेटत नाहीत.

तीन चांगले प्रयत्न मिळाल्याशिवाय रिपोर्ट धरत नाहीत, आणि त्यातले सर्वांत मोठे दोन आकडे एकमेकांच्या १५० मिलीच्या आत असावे लागतात. हा नियम ऐकला आणि माझा त्या यंत्रावर विश्वास बसला. रिपीटेबिलिटी, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तोच आकडा येतो का, ते तपासल्याशिवाय आम्हीही कधी कुठला जॉब पास केला नाही.

आकडा आला २.१८ लिटर. अपेक्षितच्या ६२ टक्के. एफईव्ही-वन १.७८. नंतर इनहेलरच्या औषधाचे चार पफ दिले, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. आकडा जवळजवळ तसाच.

छातीच्या डॉक्टरांनी हे असं वाचलं: दम्यात नळ्या आकसतात, म्हणून पहिल्या सेकंदात हवा कमी येते. एफईव्ही-वन भागिले एफव्हीसी हे प्रमाण घसरतं, ०.७ च्या खाली गेलं की अडथळा धरतात. तुमचं प्रमाण ०.८ च्या वर आहे. म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत, हवेला जागाच कमी पडते आहे. ग्राफमधली रेघही तेच सांगत होती, आकार बरोबर, फक्त लहान. औषधाच्या पफनेही फरक नाही. तेव्हा दमा नाही. त्यांनी इनहेलर बंद केला. फुफ्फुस खरोखर आक्रसलं आहे असं ठामपणे म्हणायला एकूण आकारमान मोजणारी वेगळी चाचणी लागते, हेही त्यांनी सांगून ठेवलं. पण आधी पाणी काढून बघू म्हणाले.

तिथून सेंटरला. काट्यावर ६४.१ किलो. माझं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी वजा जाता वजन, ६१ धरलेलं होतं, म्हणजे ३.१ लिटर काढायचं. टेक्निशियनने मशीनवर तेवढं यूएफ, म्हणजे ओढून काढायचं पाणी, लावलं. पहिल्या तासात बोटाला ऑक्सिजनची क्लिप ठेवली, ती एक-दोन अंकांनी खाली सरकली आणि नंतर वर आली. जुन्या काळी ॲसिटेटचं द्रावण आणि सेल्युलोजच्या पडद्याचे डायलायझर (रक्त गाळणारी नळकांडी) वापरायचे तेव्हा ही घसरण मोठी असायची. हल्लीच्या बायकार्बोनेटच्या द्रावणावर आणि नव्या पडद्यांवर ती खूप कमी झाली आहे. तरी ज्याचं फुफ्फुस आधीच ओलं आहे त्याने श्वास कोंडल्यासारखा वाटला की लगेच सांगावं, असं सिस्टर म्हणाल्या.

सुया काढल्या, पंधरा मिनिटं दाबून धरलं, रक्त थांबल्याची खात्री केली. मग परत त्या छोट्या खोलीत. थकवा होता, पोटऱ्यांत गोळे आले होते. नीट बसून दम खाऊन मग फुंकलं. २.४९ लिटर. ७१ टक्के.

चार तासांत ३१० मिली हवेची जागा परत आली होती, कुठल्याही औषधाशिवाय. मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसलो. सौ.ने विचारलं, "वाढला का?" मी फक्त मान हलवली.

आता कुणी विचारेल, तीन लिटर पाणी निघालं तर जागा तीनशेच मिली का? कारण पाणी काही फक्त छातीत नसतं. बरंचसं पायांत, पोटाच्या भिंतीत, रक्तात असतं, तेही निघतं.

पण खरा प्रश्न पुढेच होता. पाणी काढूनही आकडा ७१ का? ८० च्या आसपास तरी यायला हवा होता. सरांनी माझ्या मागच्या वर्षाच्या नोंदी काढल्या आणि सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे जरा थांबून लिहितो.

ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. ते एकदा ठरतं आणि फाइलवर लिहिलं जातं. माझं ६१ ठरलं ते डायलिसिस सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी. त्यानंतर माझी भूक गेली. मांसमच्छी सुटली, डाळ मोजून, दंड बारीक झाले, सदरे ढगळ झाले. म्हणजे मांस कमी झालं. पण काट्यावर वजन ६१ च ठेवत होतो. मग कमी झालेल्या मांसाची जागा कशाने भरली? पाण्याने. काटा मांस आणि पाणी वेगळं दाखवत नाही. मशीनवरून "ड्राय" होऊन उठतानाही माझ्या अंगात जादा पाणी उरत होतं, आणि फुफ्फुस कधीच पूर्ण कोरडं होत नव्हतं.

डायलिसिसवरच्या प्रत्येक माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी हे विचारावं: आमचं ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं? भूक कमी झाली, कपडे सैल झाले, आजारपणातून उठलात, तर ते पुन्हा ठरवावं लागतं. उलट अंगावर मांस चढलं तर ते वाढवावंही लागतं, नाहीतर बीपी कोसळतं.

मग ते उतरवणं सुरू झालं. दर वेळी दोनशे-तीनशे ग्रॅम, त्याहून घाई नाही. ऐकायला सोपं आहे, सोसायला नाही. शेवटच्या तासात पोटऱ्या पिळल्या जायच्या, बीपी खाली यायचं, डोळ्यांपुढे अंधारी. पाणी काढण्याचा वेग हृदयाला झेपेल एवढाच ठेवावा लागतो. वेग वाढवायचा नसेल तर वेळ वाढवावा लागतो. सरांनी साडेचार तास सांगितले. पण सकाळची शिफ्ट अर्धा तास लांबली की त्याच मशीनवरच्या दुपारच्या पेशंटला ताटकळावं लागतं. माझ्यानंतर सिन्नरहून एसटीने येणाऱ्या मावशींचा नंबर असायचा. टेक्निशियन मुलाने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "बसू द्या त्यांना. मी नंतरच्या गाडीने निघत जाईन." परतताना त्यांना उशीर व्हायचा तरी त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. माझ्या फुफ्फुसाच्या सुधारणेत त्या अर्ध्या तासाचा वाटा आहे, आणि तो अर्धा तास मावशींनी दिलेला आहे.

घरात मिठावर काम झालं. मी पाण्याच्या मागे लागलो होतो, आहारतज्ज्ञांनी मिठाकडे बोट दाखवलं. अंगातलं आठ-नऊ ग्रॅम मीठ आपल्याबरोबर साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच, तिथे निर्धाराचा उपयोग नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. पापड, लोणचं, फरसाण, बेकरीचे पदार्थ बंद झाले. नाशिकच्या माणसाला मिसळ सोडणं किती जड जातं ते नाशिककरालाच विचारा. रस्सा, त्यावर फरसाण, बाजूला पापड, वरून ताक. एका बैठकीत मीठ, पोटॅशियम आणि पाणी, तिन्ही. आता सौ. घरी मटकी दोनदा पाणी बदलून उकडते, ते पाणी टाकते आणि कोरडी उसळ करते, लिंबू पिळून. लिंबाने मिठाची उणीव बरीच झाकली जाते.

तहानेवर एक उपाय आमच्या भागातलाच निघाला. दिंडोरीला मेहुण्यांची द्राक्षबाग आहे. द्राक्षं मला मोजून खायची परवानगी होती, वाटीभर नाही, थोडीच. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, ती फ्रीझरमध्ये गोठवा आणि तहान लागली की एक-एक चघळा. द्राक्षात ऐंशी टक्क्यांवर पाणीच असतं, ते दिवसाच्या हिशेबात धरायचं, आणि पोटॅशियमच्या रिपोर्टवर लक्ष ठेवायचं. पण गोठलेलं एक द्राक्ष तोंडात पाच मिनिटं टिकतं. एप्रिल-मेच्या उन्हात त्याने मला फार साथ दिली. बेदाणे मात्र नाहीत. वाळल्यावर त्यांत पोटॅशियम एकवटतं. आणि शुगरवाल्याने द्राक्षंही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, मीही विचारूनच घेतली.

पाण्याशिवायची दोन कारणं होती. एक रक्त. किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवते, त्यावर हाडांच्या मगजात तांबड्या पेशी तयार होतात. किडनी गेली की ते आटतं. माझं हिमोग्लोबिन ८.९ होतं. डीएलसीओ म्हणून एक चाचणी झाली, अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ओढून दहा सेकंद धरून ठेवायची, आणि त्यातला किती वायू रक्तात गेला ते मोजायचं. तो आकडा कमी आला. रक्त कमी असलं की तो कमी येतोच, म्हणून हिमोग्लोबिनचा हिशेब लावून दुरुस्त करतात. दुरुस्त करूनही ५८ टक्के होता. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन वाढवलं, लोहाचं शिरेतून दिलं.

दुसरं कारण स्नायू. श्वास ओढायचा तो छातीच्या पडद्याने आणि बरगड्यांमधल्या स्नायूंनी, आणि किडनीच्या आजारात दंड-मांड्या झिजतात तसे तेही झिजतात. बंद नळीतून जोर लावून श्वास ओढायला लावून त्यांची ताकद मोजतात. माझी ४८ आली, ८० च्या वर असती तर काळजी नव्हती. फिजिओथेरपिस्टने एक छोटं यंत्र दिलं. त्यात स्प्रिंगची झडप असते, ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडतच नाही. सुरुवात आपल्या ताकदीच्या तीस टक्क्यांनी. ऑपरेशननंतर देतात ते तीन रंगीत बॉलचं यंत्र वेगळं, त्यात असा ठरवलेला अडथळा नसतो. मी हा व्यायाम मशीनवर पहिल्या दोन तासांत करायचो, कारण नंतर बीपी उतरायला लागतं. फिस्टुलाचा हात स्थिर, दुसऱ्या हातात यंत्र. आधी शेजारचे बघायचे. नंतर टेक्निशियन मुलगाच आठवण करायला लागला, "काका, आज श्वास झाला का?"

काही महिन्यांनी सगळं पुन्हा मोजलं. ड्राय वेट ५८.२ वर स्थिरावलं होतं. एक्स-रेत उजव्या बाजूचं पाणी गेलेलं, त्यामुळे ते सुईने काढायची वेळच आली नाही. हिमोग्लोबिन १०.६. श्वासाच्या स्नायूंची ताकद ४८ वरून ६३. मशीननंतरचा एफव्हीसी २.९४ लिटर, ८४ टक्के. आणि मशीनच्या आधीचा, तोही सोमवारचा, २.७० च्या पुढे. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. रविवारी रात्री मी कसा असतो ते तो सांगतो. कालनिर्णयवर आता बहुतेक रविवारी "१" एवढंच असतं.

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत आधी ३१० मीटर झालं होतं, आता ४०५. डायलिसिस नसलेल्या दिवशी संध्याकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालतो. पांडवलेणीच्या पायऱ्या अजून पूर्ण चढत नाही, निम्म्यावर थांबून परत येतो. सरांनी तेवढंच सांगितलं आहे.

सगळं भरून निघालं असं मात्र नाही. डीएलसीओ दुरुस्तीसह ६७ वर आला आणि तिथेच अडकला. छातीचे डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या किडनीच्या आजारात पिशव्यांच्या भिंतींत काही बदल कायमचे राहू शकतात, क्वचित कॅल्शियमही साठतं. म्हणून फॉस्फरस आवाक्यात ठेवा, जेवणासोबतच्या गोळ्या चुकवू नका. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब थोडा उतरला, पण नॉर्मल नाही. फिस्टुलातून रक्त फार वेगाने वाहत असेल तर हृदयावर आणि त्या दाबावर ताण येतो, त्यामुळे इकोसोबत फिस्टुलाचा प्रवाहही मोजत राहणार आहेत. घोरण्याबद्दल सौ.ने सांगितलं तेव्हा झोपेची तपासणीही लिहून दिली. डायलिसिसवाल्यांत झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बराच आढळतो आणि त्याने बीपी हटत नाही. ती तपासणी अजून व्हायची आहे. पीएफटी आणि डीएलसीओचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी निदान एक्स-रे आणि उशांची नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. त्यानेही ड्राय वेटचा प्रश्न ऐरणीवर येतो.

सिन्नरच्या मावशींना गेले काही आठवडे रात्री खोकला आहे. त्यांच्या सुनेने खोकल्याचं औषध आणलं होतं. मी त्यांना कालनिर्णयची पानं दाखवली, सुनेला फोनवर सगळं समजावलं. सरांनी तपासलं, पायांवर सूज नाही पण सोनोग्राफीत रेघा आहेत, त्यामुळे पीएफटी लिहून दिली आहे. येत्या सोमवारी, मशीनच्या आधी. त्यांना सांगून ठेवलंय: पोटभर जेवून जाऊ नका, पोट सैल राहील असा कपडा घाला, दातांची कवळी बसत असेल तर काढू नका, बीपी उजव्या हातावर घ्यायला सांगा, आणि ती मुलगी ओरडली तर घाबरू नका, तिच्याबरोबर शेवटपर्यंत फुंका. त्या दिवशी त्यांची दुपारची शिफ्ट आधीच उशिरा सुरू होईल, त्यात माझ्यामुळे आणखी उशीर नको, मशीन मोकळं असावं म्हणून मी आपली वेळ बदलून मंगळवारची मागितली होती. सरांनी साफ नाही म्हटलं, लांब खंड आणखी लांबवायचा नाही. मग त्या दिवसापुरतं मी पहाटेच्या पहिल्या मशीनवर बसेन, असं टेक्निशियन मुलाशी ठरलं आहे.